भेंडी-मिरची निर्यात पॅकेज: पॅकहाउस पास, बांध नापास

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत भाजीपाला पिकवणाऱ्या गटांकडे निर्यातीचं तयार पॅकेज घेऊन माणसं येतात. शेताची नोंदणी, पॅकहाउस (माल निवडून पेट्यांत भरायची जागा), फायटो (माल कीडमुक्त असल्याचा सरकारी दाखला), कस्टमचं क्लिअरिंग, विमानात जागा, पलीकडचा खरेदीदार, सगळं आमच्याकडे. तुम्ही फक्त माल द्या. मोबदला म्हणून किलोमागे सेवाशुल्क किंवा मग थेट ठरलेला भाव. पाट्या वेगवेगळ्या असल्या तरी आतला मसाला बहुतेक ठिकाणी एकच आहे, म्हणून कोणा एकाचं नाव न घेता या पॅकेजचंच परीक्षण करतो आहोत. बाजार धरलाय युरोप आणि ब्रिटनचा, पीक मुख्यतः भेंडी आणि हिरवी मिरची. आखाती देशांचं गणित वेगळं आहे, त्याबद्दल पुढे थोडं.

निकाल आधीच सांगून टाकतो. माल पॅकहाउसच्या दारात आल्यापासून विमानात चढेपर्यंतचं काम ही मंडळी चांगलं करतात. पण माल नापास होण्याचं मोठं कारण त्याआधीच्या दहा-पंधरा दिवसांत, शेतात तयार होतं, आणि तिथे या सेवेचं कोणी फिरकत नाही. पैसे मात्र पूर्ण पॅकेजचे.

आधी जे चांगलं आहे ते. निर्यातीची भेंडी साधारण सात ते दहा सेंटीमीटरची, कोवळी, सरळ, टोक वाकवलं की कट्कन मोडणारी लागते. तोडा एक दिवसाआड, सकाळी लवकर, हातात सुती मोजे घालून. उघड्या हाताने तोडलेली भेंडी संध्याकाळपर्यंत कडांवर काळी पडते. इथल्या बाजारात चालून जाते, तिथे पेटी उघडल्याबरोबर फोटो येतो. बऱ्यापैकी पॅकहाउसवाले मोजे आणि आतून कागद लावलेले कॅरेट स्वतःच पुरवतात, आणि धुतलेली किंवा दवाने ओली भेंडी घेत नाहीत. हा नियम कडक वाटतो, पण ओली भेंडी पेटीत बंद झाली की बुळबुळीत होते, त्यामुळे त्यावर वाद घालू नये. निवडीच्या टेबलावर चांगला उजेड आणि भिंग असतं. बायका एकेक शेंग फिरवून अळीचं भोक, तुडतुड्यांची खरड, देठाजवळची पांढरी माशी बघतात. हे काम खरोखर नीट होतं.

कोल्ड रूमच्या बाबतीत खान्देशात एक खास अडचण आहे. आपल्याकडची बरीच शीतगृहं केळीसाठी बांधलेली आहेत. केळी १३-१४ अंशांवर ठेवतात. भेंडीला आणि हिरव्या मिरचीला ७ ते १० अंश आणि ९०-९५ टक्के आर्द्रता लागते. १३ अंशांवर भेंडी लगेच खराब होत नाही, पण तिचं मुळातच सात-दहा दिवसांचं आयुष्य आणखी घटतं. उलट सातच्या खाली नेली तर थंडी बाधते; खड्डे आणि काळपट डाग पडतात, आणि तेही थंडीतून बाहेर काढल्यावर, म्हणजे खरेदीदाराच्या गोदामात. त्याहून वाईट म्हणजे त्याच खोलीत पिकायला लागलेली केळी असणं. केळीतून सुटणाऱ्या इथिलीनने भेंडी पिवळी पडते, आणि कारलं तर पिवळं पडून उकलतं. म्हणून रावेर-यावल पट्ट्यातलं पॅकहाउस बघायला गेलात तर पहिला प्रश्न हाच विचारा: भाजीची खोली वेगळी आहे का, आणि केळीचा हंगाम भरात असतानाही वेगळी राहते का?

दारावरच्या आकड्यावर विसंबू नका. तो हवेचं तापमान दाखवतो. थरातल्या मधल्या पेटीतली एक भेंडी घेऊन तिच्यात सुईचा थर्मामीटर खुपसायचा. बाहेर ८ आणि आत १६ असेल तर प्री-कूलिंग, म्हणजे भरण्याआधी माल आतपर्यंत गार करणं, झालेलंच नाही, नुसती थंड खोलीत पेट्या रचल्यात. असा माल रीफर (शीत) गाडीत भरला तरी गार होत नाही. रीफर गार झालेला माल गार ठेवते, गरम माल गार करायला ती बनवलेली नाही. हाताळणीला पाचपैकी चार, पण खोली वेगळी असेल तरच.

कागदपत्रांची बाजूही भक्कम आहे. युरोपने १ मे २०१४ पासून आपला आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांवर बंदी घातली, कारण आदल्या वर्षी फळमाशीसारख्या किडी सापडलेल्या खेपांची संख्या दोनशेच्या वर गेली होती. आंब्याची बंदी २०१५ मध्ये उठली, पण तेव्हापासून युरोपला जाणारा भाजीपाला अपेडाची (शेतमाल निर्यातीची केंद्रीय संस्था) मान्यता असलेल्या पॅकहाउसमधून आणि वनस्पती संगरोध अधिकाऱ्याच्या तपासणीनंतरच जातो. पुढे १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपात जवळपास प्रत्येक ताज्या फळभाजीला फायटो सक्तीचं झालं. सूट फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाचांना. आपल्या भागातले काही जण केळी विनाफायटो युरोपात जाते हे ऐकून भेंडीचंही तसंच समजतात. तसं नाही.

शेताची नोंदणी अपेडाच्या हॉर्टिनेट प्रणालीत, कृषी विभागामार्फत होते. सातबारा, शेताचा नकाशा, पेरणीची तारीख, आणि फवारणीची नोंदवही. ही सेवा घेतली तर अर्ज भरून देण्याचं काम खरंच वाचतं. एक धोका मात्र बघा. नोंदणी एका गटाच्या शेतांची आणि मालात शेजारच्या नोंदणी नसलेल्या शेताची चार कॅरेट, हा प्रकार कमी माल निघाला की सर्रास होतो, आणि सेवा देणारे तिकडे डोळेझाक करतात कारण त्यांची विमानातली जागा भरायची असते. पलीकडे त्या चार कॅरेटमध्ये काही सापडलं तर नोंदणी क्रमांक तुमचा निघतो. प्रत्येक कॅरेटवर शेत क्रमांक आणि तोडणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावा आणि आवकेच्या पावतीवर तेच क्रमांक उतरवून घ्या.

पलीकडे खरेदीदार युरोपच्या ट्रेसेस प्रणालीत आगाऊ सूचना भरतो. फायटोवरचं वजन, पेट्यांची संख्या, वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि त्या सूचनेतला तपशील अक्षरशः जुळला पाहिजे. ऐन वेळी बारा पेट्या कमी भरल्या आणि फायटो जुन्याच आकड्याचं राहिलं की खेप अडकते. लाकडी पॅलेट असेल तर त्यावर आयएसपीएम-१५ चा शिक्का हवा, म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं उष्णता दिलेली. बिनशिक्क्याचं एक फळकूट टेकू म्हणून घातलं तरी अडचण होते. ब्रिटनचे नियम २०२१ पासून युरोपपेक्षा वेगळे चालतात, प्रणालीही वेगळी. एकच कागद दाखवून दोन्हीकडचं चालतं असं कोणी सांगितलं तर त्याला काम नीट माहीत नाही एवढं समजा.

आता नापास विषय. फवारलेल्या औषधाचा मालात किती अवशेष चालतो याला मर्यादा असते. युरोपात एखाद्या औषधाची स्वतंत्र मर्यादा ठरलेली नसेल तर सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो ही मर्यादा लागते. म्हणजे शंभर टन भेंडीत एक ग्रॅम. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची मर्यादा २०२० मध्ये याच पातळीवर आणली गेली. भारतातली भेंडी आणि कढीपत्ता युरोपच्या जादा तपासणीच्या यादीत आहेत. ही यादी दर सहा महिन्यांच्या आत फेरतपासली जाते आणि किती टक्के खेपा तपासायच्या तो आकडा वर-खाली होतो. त्यामुळे मागच्या हंगामाची यादी दाखवणाऱ्याला या हंगामाची मागा.

भेंडी या कसोटीत का अडकते ते बघा. फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत शेंग तोडणीला येते आणि तोडा दिवसाआड. सात दिवस थांबायला सांगणारं औषध मारलं तर मधले तीन तोडे निर्यातीतून बाद. ते कोणी बाद करत नाही. माल तयार, गाडी ठरलेली, आणि फवारणी झालेली असते परवा. सेवा देणाऱ्याचा माणूस नोंदवहीवर सही घेतो, पण ती नोंदवही बहुतेक वेळा तोडणीच्या आदल्या दिवशी एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेली असते.

त्यात खान्देश म्हणजे कापूस. भेंडी आणि कपाशी एकाच कुळातल्या. तुडतुडे, पांढरी माशी, बोंडअळीची काही भावंडं दोन्हीकडे सारखीच चरतात. कपाशीत फवारणी झाली की किडी उठून भेंडीत येतात आणि मग भेंडीवर जड औषधाचा मोह होतो. शिवाय शेजाऱ्याच्या पंपातून वाऱ्याबरोबर येणारा तुषार. कपाशीवर मारली जाणारी अॅसिफेट, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांतलं काहीही युरोपच्या भेंडीत चालणार नाही. मोनोक्रोटोफॉसला तर भारतातही भाजीपाल्यावर बंदी आहे. अॅसिफेट मारलं असेल तर अहवालात त्याच्यापासून तयार होणारं मेथामिडोफॉसही उमटतं, म्हणजे एका फवारणीत दोन नापास. ०.०१ च्या पातळीला कपाशीत वापरलेला, नीट न धुतलेला पंपसुद्धा पुरेसा असतो. भेंडीला पंप, नोझल आणि औषध कालवायची बादली वेगळीच हवी.

या सगळ्यावर सेवेकडून काय मिळतं? चालू-बंद औषधांची छापील यादी आणि व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ. शेताची जागा निवडताना कपाशी कुठल्या बाजूला आहे, वारा कुठून वाहतो, शेजाऱ्याशी बोलणं झालंय का, हे विचारणारा माणूस या पॅकेजमध्ये नाही. जो असायला हवा तोच नाही. कपाशीच्या बाजूने मक्याच्या किंवा ज्वारीच्या तीन-चार दाट ओळी आणि त्यालगतच्या भेंडीच्या पहिल्या ओळी स्थानिक बाजारासाठी वेगळ्या तोडणं, एवढं तरी कराराआधी बघायला हवं. आणि दुकानदाराने गळ्यात मारलेलं, घटक न छापलेलं 'ऑरगॅनिक टॉनिक' निर्यातीच्या शेतात अजिबात नको. आत काय आहे ते प्रयोगशाळेच्या यंत्रालाच कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

नमुन्याचंही तसंच. पॅकेजमध्ये 'रेसिड्यू टेस्ट (अवशेषांची चाचणी) समाविष्ट' असं लिहिलेलं असतं. विचारायचं हे: नमुना कुठून घेता? पॅकहाउसच्या निवडलेल्या ढिगातून घेतला तर तो चार शेतांचा काला असतो. नापास झाला तर दोष कोणाचा ते कळत नाही, पास झाला तर एका शेताचं पाप तिघांच्या मालात विरळ झालेलं असू शकतं. नमुना शेतनिहाय, तोडणीच्या आधी, शेतात नागमोडी फिरून. भेंडी-मिरचीसारख्या छोट्या मालाचा किमान एक किलो. वांग्याचं फळ पाव किलोच्या वर असेल तर किमान पाच फळं आणि दोन किलो. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची, आणि चाचणी एलसी व जीसी (द्रव व वायू क्रोमॅटोग्राफी) दोन्ही यंत्रांवर झालेली. एकाच यंत्रावरची स्वस्त चाचणी अर्धी औषधं बघतच नाही. अहवालात प्रत्येक औषधापुढे मोजण्याची किमान पातळी ०.०१ लिहिलीय का बघा. ०.०५ असेल तर 'आढळले नाही' या शब्दांना काडीची किंमत नाही.

आकडा किंचित वर आला तर सेवेकडून ठरलेलं उत्तर येतं, 'भाऊ, एवढं चालून जातं.' याला थोडा आधार आहे. युरोपचे अधिकारी कारवाईआधी मोजणीतल्या अनिश्चिततेपोटी ५० टक्के वजा करतात, म्हणजे ०.०१८ आला तर तो ०.००९ धरला जाऊ शकतो. पण ती सवलत सरकारी अधिकाऱ्याची आहे, खरेदीदाराची नाही. मोठ्या दुकान-साखळ्या तर सरकारी मर्यादेच्याही आतला आकडा मागतात. शिवाय तिथली प्रयोगशाळा वेगळ्या पेटीतली वेगळी भेंडी घेणार. ०.०१८ वर खेप रवाना करणं हा जुगार आहे, आणि त्यात पणाला लागतो तो शेतकऱ्याचा माल.

वाहतुकीबद्दल कमी बोलायचं, कारण तिथे फारसं चुकत नाही. जळगावहून धुळे, नाशिक, कसारा घाट उतरून मुंबई विमानतळ म्हणजे साधारण सव्वाचारशे किलोमीटर, रात्रभराचा प्रवास. घाटात तीन-चार तास अडकलं तर कट-ऑफ, म्हणजे विमानासाठी माल स्वीकारायची शेवटची वेळ, हुकतो, म्हणून दुसऱ्या विमानाचा पर्याय आधी विचारून ठेवलेला बरा. शुक्रवारची खेप टाळा. शनिवार-रविवारी पलीकडे नमुना काढला तर निकाल यायला आठवड्याचे पुढचे दिवस उजाडतात, आणि तोवर भेंडीचं निम्मं आयुष्य संपलेलं असतं.

विमानभाडं वजनावर की आकारमानावर, हे मात्र तपासा. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ६००० ने भागायचं. येणारा आकडा आणि खरं वजन यातलं जास्त असेल त्यावर भाडं. ४५ बाय ३० बाय २० ची पेटी म्हणजे साडेचार किलो. तिच्यात पाच किलो भेंडी भरली तर ठीक. त्याच पेटीत तीन किलो कढीपत्ता भरला तर दीड किलो हवेचं भाडं भरलं. पेटीचं माप करारात लिहून घ्या, कारण पेटी ते निवडतात आणि भाडं तुमच्या हिशेबातून वजा होतं.

पैशाकडे येऊ. 'किलोला ४५ देतो' हा भाव पास झालेल्या मालाचा असतो. समजा १,२०० किलो नेले, ८५० पास झाले, उरलेले ३५० पॅकहाउसजवळच्या बाजारात १२ रुपयांनी गेले. एकूण ४२,४५० रुपये, म्हणजे सरासरी ३५ रुपये ३८ पैसे. त्यातून मोजे घालून तोडणीची जादा मजुरी आणि पॅकहाउसपर्यंतचं भाडं वजा करा, आणि मग त्या दिवशीचा जळगाव किंवा सुरतचा भाव शेजारी ठेवून बघा. उरलेला माल कोण विकणार, पावती कोणाच्या नावाने निघणार, हे न ठरवता गेलात तर ते ३५० किलो 'खराब निघाले' म्हणून हिशेबातून गायबही होतात.

खरा फास आहे तो डेबिट नोटचा, म्हणजे खरेदीदार नुकसान तुमच्या खात्यावर टाकतो त्या कागदाचा. ठरलेला भाव आणि कन्साइनमेंट विक्री यांत जमीन-अस्मानाचा फरक. कन्साइनमेंटवर माल गेला तर तिथे विकेल त्या भावातून भाडं, कमिशन, हाताळणी वजा होऊन जे उरेल ते तुमचं. कधी उरतच नाही, उलट तुमच्याच अंगावर देणं निघतं. खेप सीमेवर नापास झाली तर ती नष्ट करण्याचा खर्चही खरेदीदार डेबिट नोट लावून इकडे ढकलतो. यावर 'विमा आहे ना' हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. सर्व जोखमींचा म्हणवला जाणारा सागरी-हवाई माल विमाही उशीर आणि मालाच्या अंगभूत नाशवंतपणामुळे झालेलं नुकसान देत नाही. सरकारी यंत्रणेने माल नाकारला तर त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. ईसीजीसी या निर्यात पतविमा देणाऱ्या सरकारी कंपनीचं संरक्षण खरेदीदार बुडाला किंवा त्याने पैसे थकवले तर कामाला येतं, पण त्याने गुणवत्तेचा वाद उकरला की तो वाद निकाली निघेपर्यंत पैसे अडकतात. आणि खरेदीदाराला पैसे द्यायचे नसले की तो वाद गुणवत्तेचाच काढतो.

पिकाप्रमाणे निवड करायची तर हिरवी मिरची त्यातल्या त्यात सोपी. टिकते जास्त, भरते दाट. फुलकिडे हाच तिचा मुख्य वैरी, आणि फुलकिड्यांसाठी मारलेलं औषधच अहवालात येतं. आखातात नियम सैल असतात हा समज जुना झाला. सौदी अरेबियाने २०१४ मध्ये अवशेषांमुळेच भारतीय हिरवी मिरची बंद केली होती. कारल्यात फळमाशी आणि थ्रिप्स पाल्मी (फुलकिड्यांची एक जात), दोन्हींची पलीकडे कसून तपासणी. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, मागणीही आहे, पण फळात शिरलेली अळी बाहेरून दिसत नाही आणि वांगंही थ्रिप्स पाल्मीच्या नियमात येतं. पहिल्या हंगामात या पॅकेजमधून वांगं पाठवू नये. कढीपत्ता लिंबूवर्गीय पिकांवर रोग पसरवणाऱ्या सायला किडीचा यजमान असल्याने आणि अवशेषांच्या यादीतही असल्याने त्याला दुहेरी चाळण लागते.

साक्री-चाळीसगावकडे हीच मंडळी कांद्याचंही पॅकेज विकतात. तिथे पॅकहाउसपेक्षा दिल्लीची अधिसूचना मोठी. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, डिसेंबरात थेट बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण किमान निर्यात मूल्य आणि शुल्क राहिलं, सप्टेंबरात शुल्क निम्मं, १ एप्रिल २०२५ पासून शून्य. अशा मालासाठी सहा महिन्यांचा बांधील भाव देणारा माणूस एक तर फार मोठा आहे किंवा करारात पळवाट ठेवून आहे. पळवाटीचं कलम बहुधा शेवटच्या पानावर, 'शासकीय निर्बंध' या शीर्षकाखाली असतं.

एकंदर पाचपैकी अडीच. ज्या गटाकडे फवारणीवर खरोखर लक्ष ठेवणारा स्वतःचा माणूस आहे, शेतं सलग आहेत आणि कपाशीपासून लांब आहेत, त्याने हे पॅकेज घ्यायला हरकत नाही. पॅकहाउस आणि कागदांसाठी मोजलेले पैसे वसूल होतात. सुट्या-सुट्या एकरांचा, प्रत्येकाच्या बांधाला कपाशी असलेला गट असेल तर आधी एक हंगाम स्थानिक बाजारासाठीच, पण निर्यातीच्या शिस्तीने पिकवावा आणि स्वखर्चाने शेतनिहाय नमुने तपासून बघावेत. सही करायची वेळ आलीच तर तीन गोष्टी लेखी घ्या: भाव ठरलेला की कन्साइनमेंट, तोडणीपूर्व शेतनिहाय नमुना नापास झाला तर त्या शेताचा माल न उचलण्याची अट, आणि तोडणीपूर्व अहवाल पास असूनही खेप पलीकडे नाकारली गेली तर खर्चाची वाटणी किती-किती. तिसऱ्या कलमावर समोरचा जेवढा वेळ घेईल त्यावरून त्याला आपल्या पॅकहाउसची किती खात्री आहे ते कळेल.